यशवंतराव : एकेक निर्णय तोलताना

मार्केट यार्ड, पुणे (प्रतिनिधी) - गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका शेतकऱ्याच्या सगळ्या मालाला सरसकट एकच भाव सहसा मिळत नाही. जुन्नर, खेड, पुरंदर परिसरातून रात्रीतून आलेला माल गाळ्यापुढे उतरतो, त्याचे वक्कल वेगळे मांडले जाते आणि प्रत पाहून ज्याचा त्याचा भाव ठरतो. राज्यकर्त्यांना जोखताना मात्र आपण ही साधी रीत विसरतो. नवा माणूस खुर्चीवर बसला, की त्याच्या पहिल्या निर्णयांकडे आपण एक तर भक्ताच्या किंवा वैऱ्याच्या नजरेने पाहतो. यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे दोनदा केले. १९५६ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्यावर फितुरीचा शिक्का मारला गेला. पुढे त्यांना आधुनिक महाराष्ट्राचे शिल्पकार ठरवून त्यांचे सगळेच निर्णय देव्हाऱ्यात ठेवले गेले. या दोन्ही टोकांमध्ये खरे यशवंतराव कुठे तरी हरवले.

कृष्णाकाठचा मुलगा

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील न्यायालयात बेलिफ होते. प्लेगने ते गेले आणि विठाईंनी मोठ्या कष्टाने मुले वाढवली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच यशवंतराव स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले व त्यांना तुरुंगवास घडला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पदवी आणि पुण्यातून कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. त्याच वर्षी जूनमध्ये वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांनाही या धामधुमीत अटक सोसावी लागली. १९४६ मध्ये ते मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले, संसदीय सचिव झाले आणि १९५२ नंतर मंत्री.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि अवघ्या ४३ व्या वर्षी यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. हे पद काटेरी होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबाराने शंभरावर बळी घेतले होते. ते मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीतले. पण मराठी मनातला संताप नव्या मुख्यमंत्र्याच्या वाट्याला आला. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरूंचे नेतृत्व यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, या आशयाची भूमिका त्यांनी आधीच जाहीर केली होती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची धूळधाण उडवली आणि खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून थोड्या मतांनीच तरले.

द्विभाषिकातील निर्णय

अशा माणसाचे पहिले निर्णय निःपक्षपणे कोण पाहणार? तरीही ते पाहण्याजोगे होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. समितीने प्रचंड निदर्शने केली. आधीच्या दोन वर्षांतील रक्तपात ताजा असताना तो दिवस गोळीबाराविना पार पडला. त्याचे श्रेय एस. एम. जोशी यांच्यासारख्या आंदोलकांच्या संयमाला आहे, तसे सरकारच्या संयमालाही आहे. मुख्यमंत्र्यांची द्विभाषिकाची भूमिका अमान्य असणाऱ्यालाही हे मान्य करायला हरकत नव्हती.

१९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेल्या प्रदेशाला ते मिळाले, ते द्विभाषिक राज्यातच. त्याच वर्षी कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा झाला. महार वतन ही गुलामी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० च्या दशकापासून सांगत होते. तो कायदा पाहायला ते राहिले नव्हते. पण याच निर्णयाची दुसरी बाजूही आहे. वतन गेले, जमिनी मात्र शर्तींच्या जाळ्यात राहिल्या आणि अशा जमिनींचे वाद आजही पुण्याच्या आसपास उद्भवतात. कायद्याचा हेतू निर्मळ होता, रचना अपुरी होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

जात न पाहता घरचे उत्पन्न पाहून दिलेली फी सवलत हाही त्याच काळातला निर्णय. पुढे १२०० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा असलेली ही सवलत घराघरांत ‘ईबीसी’ या तीन अक्षरांनी ओळखली गेली. शेतकरी, हमाल, कारागीर यांची मुले तिच्या बळावर महाविद्यालयाची पायरी चढली. या निर्णयाला विरोधकांतही फारसा आक्षेपक सापडणे कठीण.

बाजार समितीचे श्रेय कोणाचे?

पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापनाही १९५७ मधली, म्हणजे यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या वर्षातली. पण म्हणून तिचे सगळे श्रेय त्यांच्या पदरात टाकणे न्याय्य नाही. बाजाराच्या नियमनाचा कायदा मुंबई प्रांतात १९३९ मध्येच झाला होता आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६३ मध्ये, यशवंतराव दिल्लीला गेल्यानंतर आला. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी होणारे सौदे आणि मनमानी कडता यांना आळा घालणे हा या नियमनाचा हेतू होता. पेठांतील आणि मंडईतील घाऊक व्यापार पुढे टप्प्याटप्प्याने गुलटेकडीला हलला.

श्रेयाप्रमाणेच दोषाचेही आहे. पुण्याच्या बाजार समितीवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले आणि निवडणूक होण्यास २०२३ साल उजाडले. फळे व भाजीपाला २०१६ मध्ये नियमनमुक्त करावा लागला, यामागे बाजार समित्यांच्या कारभाराविषयीची नाराजीही होती. हा सारा दोष पहिल्या निर्णयाच्या माथी मारता येत नाही. निर्णय घेणारा आणि पुढे तो राबवणारे यांचे खाते वेगळे ठेवलेच पाहिजे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. कालपर्यंत ज्यांना महाराष्ट्रद्रोही म्हटले जात होते, तेच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. बेळगाव-कारवार बाहेर राहिले, ही जखम तेव्हाही होती आणि आजही आहे. त्या प्रश्नावर पुरेसा जोर लावला गेला नाही, हा टीकाकारांचा आक्षेप गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

मात्र त्याच वर्षी बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती राज्याच्या पातळीवर देण्याचा निर्णय झाला. केंद्राला त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी भाषा संचालनालय आले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळही आले. वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून परिषदा सुरू झाल्या. बळवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता, महाराष्ट्राने तो जिल्ह्यावर दिला आणि जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले. त्यातून ग्रामीण नेतृत्वाची नवी पिढी उभी राहिली. पुढे याच सत्तेभोवती मोजक्या घराण्यांची तटबंदीही उभी राहिली, हेही नाकारता येत नाही.

१९६१ च्या जमीन धारणा कायद्याला मात्र एवढे गुण देता येणार नाहीत. कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा इतकी सैल होती, की भूमिहीनांच्या हाती फार थोडे आले. १९७५ मध्ये ती मर्यादा खाली आणावी लागली.

आणि पुणेकरांना विसरता न येणारी १२ जुलै १९६१ ची तारीख. बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच पाणी साठलेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. धरणाच्या कामातील घाईची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही. त्याच सरकारने स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्याकडे पुनर्वसन सोपवले आणि पुणे झपाट्याने सावरले. मार्केट यार्डापासून जवळच असलेल्या सहकारनगरात पूरग्रस्तांची घरे उभी राहिली. पुनर्वसन चांगले झाले म्हणून धरणाचा दोष पुसला जात नाही, आणि धरण फुटले म्हणून पुनर्वसनाचे मोल कमी होत नाही.

स्वतःचा निवाडा त्यांनी लिहिला नाही

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. पाच वर्षांत मतदारांचे मत एवढे बदलले. त्याच नोव्हेंबरात, चीनच्या आक्रमणाच्या काळात, संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि उपपंतप्रधानपदही त्यांनी सांभाळले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. मुख्यमंत्रिपदाच्या त्या सहा वर्षांवरचा त्यांचा स्वतःचा खंड आलाच नाही. ते काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे. वतनाचा कायदा वेगळा, सीमाप्रश्न वेगळा, पानशेत वेगळे, फी सवलत वेगळी, असा एकेक हिशेब मांडला तर बेरीज यशवंतरावांच्या बाजूने बरीच झुकते. पण ती बेरीज आधी ठरवून मग आकडे बसवले, तर त्यांच्यावरही अन्याय होतो आणि ज्यांनी त्या निर्णयांची किंमत मोजली त्यांच्यावरही. मुंबईत वा दिल्लीत नवा माणूस सत्तेवर येतो, तेव्हा त्याच्या पहिल्या शंभर दिवसांचा निवाडा करायला आपण उतावीळ असतो. त्या वेळी यशवंतरावांची ही सहा वर्षे जरूर आठवावीत.