नीरा कालव्यावरचे विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर आला की आपण अभियंता दिन साजरा करतो. फोटोला हार, एक भाषण, शेवटी चहा-समोसा. फोटोतले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हणजे कृष्णराजसागर धरण आणि १९५५ चे भारतरत्न, एवढं सगळ्यांना पाठ. पण बारामती-इंदापूरशी त्यांचा काय संबंध असं विचारलं तर निम्मं हॉस्टेल गप्प बसेल.

जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत बंगळूरला बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत आले. १८८३ मध्ये परीक्षेत पहिले, १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. सुरुवात नाशिक-खानदेशात. तिथे पांझरा, मोसम या नद्यांवर जुनी फड पद्धत चालू होती. बंधारा गावाचा, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी फिरवायला गावानेच नेमलेला पाटकरी. साहेबाची गरजच नाही!

१८९९ मध्ये ते पुण्याला आले. नीरा डावा कालवा वीरपासून निघून पुरंदर, बारामती करत इंदापूरकडे जातो, सुमारे १६० किलोमीटर. अडचण आपल्या हॉस्टेलच्या नळासारखीच. तळमजल्यावरचे बादल्या भरतात, वरच्या मजल्यावर नुसती हवा. त्यात उसाची शेतं विखुरलेली, त्यामुळे लांबलांबच्या चाऱ्यांतच पाणी मुरायचं. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. गावोगावी चांगल्या जमिनीचा सलग तुकडा निवडायचा आणि त्याला काही वर्षं पाण्याची हमी द्यायची. ऊस साधारण तिसऱ्या हिश्श्यात, बाकी कमी पाण्याची पिकं, शिवाय फेरपालट. तेवढ्याच पाण्यात जास्त गावं भिजावीत हा हिशेब. १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने ही पद्धत उचलून धरली.

फड आणि ब्लॉक दिसायला भाऊ-भाऊ. पण फडात निर्णय गावाचा, ब्लॉकमध्ये खात्याचा. कच्चा दुवा मला इथेच वाटतो. पुढे ऊस तिसऱ्या हिश्श्यात मावला नाही, कालव्यालगतच्या जमिनी चिबड-खारवट झाल्या आणि टेलची ओरड राहिलीच.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून वारले. यंदा हार घालताना शेजारी इंदापूरच्या टेलचा कोणी रूममेट असला, तर त्याच्या शेतावर पाळी किती दिवसांनी येते ते विचारा.