विलिस कॅरियर : हवेतील ओलाव्यावर मात करणारे अभियंते

घरातील वातानुकूलन यंत्र सुरू करताच येणारा कुबट वास मुंबई, चेन्नई, कोलकाता यांसारख्या दमट शहरांतील रहिवाशांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. या वासाचे मूळ ओलाव्यात असते आणि याच ओलाव्याला आवर घालण्यासाठी आधुनिक वातानुकूलनाचा जन्म झाला. खोली थंड करणे हा त्यामागचा मूळ हेतू नव्हता.

या तंत्राचे जनक विलिस हॅविलँड कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अँगोला या गावी झाला. बालपणी अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते शिकवले, ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. आई मात्र ते अकरा वर्षांचे असतानाच निवर्तली. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन ते बफेलो येथील बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला दहा डॉलर वेतनावर रुजू झाले.

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमधील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार त्यांच्याकडे आली. तेथे रंगीत छपाईत एकेक रंग स्वतंत्रपणे छापला जाई. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. कॅरियर यांनी थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील बाष्पाचे पाणी केले आणि सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर राखण्याची योजना आखली. तिचे आराखडे १७ जुलै १९०२ रोजी तयार झाले.

त्याच वर्षअखेर पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर दाट धुके पाहताना त्यांना आणखी एक कल्पना सुचली. पाण्याच्या फवाऱ्याचे तापमान नियंत्रित ठेवले, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत किती बाष्प असेल, हे अचूक ठरवता येईल. पाण्याने हवा कोरडी करण्याचा हा उलटा वाटणारा मार्ग यशस्वी ठरला आणि २ जानेवारी १९०६ रोजी त्यांना एकस्व मिळाले. या फवाऱ्याने हवेतील धूळही धुतली जाई.

आजच्या घरगुती यंत्रात असा फवारा नसतो. हवा थंड कॉइलवरून जाते, पाणी खालच्या तबकात ठिबकते आणि नळीवाटे बाहेर पडते. नळी तुंबली किंवा ओल्या कॉइलवर धूळ बसली, की तेथे बुरशी धरते. सुगंधी फवारे मारून हा वास केवळ झाकला जातो. फिल्टर धुणे, तबक व नळी मोकळी ठेवणे, कॉइल स्वच्छ करून घेणे आणि यंत्र बंद करण्यापूर्वी काही वेळ नुसता पंखा चालवून आतील भाग सुकवणे, हे खरे उपाय होत. खोलीच्या मानाने फार मोठे यंत्रही अडचणीचे ठरते. ते खोली झटपट थंड करून थांबते आणि हवेतील ओलावा तसाच राहतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली, तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही.

कॅरियर यांनी १९११ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे हवेचे तापमान आणि आर्द्रता यांच्या परस्परसंबंधांची सूत्रे मांडली. त्यांचे हे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल, कारण वातानुकूलनाच्या अभ्यासक्रमात ही मांडणी आजही पायाभूत मानली जाते. १९१५ मध्ये सहा सहकारी अभियंत्यांसह त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्यांची यंत्रणा बसली आणि उन्हाळ्यात प्रेक्षकांची रीघ लागली. १९२८ मध्ये घरांसाठी ‘वेदरमेकर’ हे यंत्र आले, परंतु महामंदीने घरगुती बाजारपेठेची वाट अडवली.

७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. अमेरिकेतील सामान्य घरांमध्ये वातानुकूलन यंत्रे मोठ्या प्रमाणावर पोहोचू लागली ती त्यानंतरच्या दशकात.