दादासाहेब फाळके यांची विद्यासाधना

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण इत्यादी विद्या संपादन केल्या. छायाचित्रकार, आराखडाकार, मुद्रक असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. जादूचे प्रयोगही करून दाखविले. परंतु एकाही उद्योगात त्यांचे चित्त फार काळ रमले नाही.

वयाच्या चाळिशीत त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावरील प्रसंग पाहत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवतांची चरित्रे अशीच पडद्यावर आणावयाची, असा त्यांनी निश्चय केला.

पण ही विद्या शिकविणार कोण? सावेदादा भाटवडेकर यांनी १८९९ साली कुस्तीचे चलच्चित्र घेतले होते. तथापि संपूर्ण कथा चित्रित करण्याची विद्या शिकविणारी शाळा आपल्या देशात नव्हती. तेव्हा दादासाहेबांनी पुस्तकांनाच गुरू केले. विलायतेहून त्यांनी यंत्रांच्या सूचिपुस्तिका मागविल्या, चलच्चित्रणाचे एक प्राथमिक इंग्रजी पुस्तक मिळविले आणि ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाची वर्गणी भरली.

असल्या पुस्तकांचे वाचन गोष्टीच्या पुस्तकासारखे सुखाचे नसते. वाचकाला यंत्राची थोडीबहुत ओळख आहे, असे लेखक गृहीत धरतो. कोणता भाग कोठे बसवावा, हे तो सांगतो. तो तेथेच का, हे पुष्कळदा सांगत नाही. ती उणीव प्रयोगानेच भरून काढावी लागते. दादासाहेबांनी एक लहानसे यंत्र व काही फिती विकत घेतल्या. मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून पाडून ते रात्री भिंतीवर चित्रे उमटवीत. रोज चारपाच तास चित्रपट पाहण्याचाही त्यांचा क्रम होता. या अतिश्रमाचा परिणाम भयंकर झाला. त्यांची दृष्टी गेली! सुदैवाने एका नेत्रवैद्याच्या उपचारांनी ती परत आली, आणि दादासाहेब पुन्हा त्याच उद्योगाला लागले. प्रकृतीची इतकी हेळसांड त्यांनी करावयास नको होती, असे कोणालाही वाटेल.

आता प्रत्यक्ष यंत्रसामग्री हवी होती. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले व १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले. तेथे ‘बायोस्कोप’च्या कचेरीची पाटी दिसताच ते सरळ आत गेले. संपादक कॅबर्न यांनी या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. इंग्लंडातही पुष्कळांचे नुकसान झाले होते. परंतु पाहुण्याची तळमळ पाहून त्यांनीच त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. १८९७ साली चलच्चित्रणावर प्राथमिक पुस्तक लिहिणारे हेच ते हेपवर्थ. त्यांच्या चित्रशाळेत दादासाहेबांना सर्व विभाग पाहावयास मिळाले. पानांवर वाचलेले आता डोळ्यांनी दिसले.

विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोरी फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून १ एप्रिल रोजी ते परतले. मे महिन्यात सामग्री मुंबईस येऊन पोहोचली. सोबत एक आराखडा होता. तो समोर धरून दादासाहेबांनी अवघ्या चार दिवसांत सारी जुळणी केली!

पुढे त्यांनी ही विद्या घरच्या माणसांना शिकविली. त्या काळी फिल्म कोरी, छिद्रे नसलेली येई. दोन्ही कडांना प्रत्येक चित्रामागे चारचार छिद्रे पाडावी लागत, आणि तीही अंधारात. कारण उजेड लागला की फिल्म वाया जाई. छिद्रांचे अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरील चित्र थरथरे. एका फुटात सोळा चित्रे बसतात, यावरून या कामाचा व्याप ध्यानात येईल. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याचे बी रुजून वेल कसा वाढतो, याचे महिनाभर थोडेथोडे चित्रण करून एक लघुपट तयार केला.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ची सिद्धता सुरू झाली. सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा तो मूकपट पूर्ण झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले.