स्पार्क प्लग देऊन शर्यत हरलेले वैमानिक: जेआरडी टाटा

टाटा म्हटलं की आपल्याला मीठ, ट्रक आणि पोलाद आठवतं. पण जेआरडी टाटा १९३८ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, त्याच्या नऊ वर्षं आधीच ते विमान चालवायला शिकले होते. आणि तेही निव्वळ हौस म्हणून!

जन्म २९ जुलै १९०४, पॅरिसचा. वडील पारशी, आई फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी हार्डेलोला त्यांचं घर होतं आणि शेजारी कोण, तर विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस, लुई ब्लेरिओ. पंधराव्या वर्षी तिथेच एका छोट्या विमानातून चक्कर मारायला मिळाली आणि पोराच्या डोक्यात विमान शिरलं ते कायमचं.

शिकायला मात्र आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. १९२८ मध्ये मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. शिकवायचं विमान होतं मॉथ. लाकडी सांगाडा, वर कापड आणि उघड्यावर एकामागे एक दोन जागा. दोन्ही जागांवर नियंत्रणाची दांडी असायची, म्हणजे शिकाऊ चुकला की शिक्षक सावरून घेणार. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यावं म्हणून दोघांमध्ये एक नळी असे. काही तास असं शिकलं की शिक्षक खाली उतरायचा आणि शिकाऊ एकटाच वर जायचा. त्या वेळी सावरायला कोणी नाही. १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडींना परवाना मिळाला. भारतात दिलेला हा पहिलाच परवाना, क्रमांक १. (पहिले भारतीय वैमानिक मात्र ते नव्हेत. इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक यांनी पहिल्या महायुद्धातच लढाऊ विमानं उडवली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर हा घोळ कायम होतो.)

मग आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून निघाले. अवघ्या सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर उलट बाजूने, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तिथे अडकला होता. त्याला स्पार्क प्लग हवे होते आणि त्याच्याकडे जास्तीचे नव्हतेच. एकच इंजिन, खाली समुद्र नाहीतर वाळवंट. तिथे प्लगने दगा दिला तर काय, हे हवेत एकटं उडणाऱ्याला सांगावं लागत नाही. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अ‍ॅस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. दोघे आपापल्या वाटेने गेले आणि काही तासांच्या फरकाने अ‍ॅस्पी जिंकला. पुढे हाच मुलगा भारताचा हवाईदल प्रमुख झाला.

याला खिलाडूपणा म्हणतात, आणि तो होताच. पण मुळात जादा प्लग बरोबर घेऊन निघण्याची शिस्त होती, म्हणून ते देता आले.

ही शिस्त पुढे धंद्यात उतरली. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातल्या माजी वैमानिकाच्या साथीने त्यांनी टपाल विमानसेवा काढली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी स्वतः पस मॉथ विमानात टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आलेले डबे रिकामे करून इंधन भरलं आणि ते जुहूला उतरले. रेडिओ नाही, रस्ता दाखवणारं यंत्र नाही. त्यात याच बनावटीची काही विमानं त्या काळात हवेतच मोडून कोसळली होती. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं. तिथे धाडस करत बसण्यापेक्षा चार महिने सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवलं जायचं.

आकाशाने त्यांच्याकडून वसूलही पुष्कळ केलं. धाकटा भाऊ जिमी ऐन तारुण्यात विमान अपघातात गेला. व्हिन्सेंट १९४२ मध्ये, महायुद्धात, विमानासकट नाहीसे झाले. १९६६ मध्ये एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर आदळलं, त्यात स्नेही होमी भाभा होते, आणि तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते खुद्द जेआरडी. तरी त्यांचं उडणं थांबलं नाही. प्रवासी म्हणून बसले तरी विमानातली बारीकसारीक उणीव टिपून ते कंपनीला कळवत.

१९७८ मध्ये सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून हटवलं. चार वर्षांनी, पहिल्या फेरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ ला ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून निघाले. एअर इंडियाकडे तोवर जम्बो जेट होती. हे विमान होतं एका इंजिनाचं जुनं लेपर्ड मॉथ. वाट तीच, अहमदाबादचा थांबाही तोच, आणि दुपारी ते जुहूला उतरले, एकटेच.