रेव्हरंड टिळक : काय सोडलं, काय ठेवलं?



'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. तिचे कवी नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. कीर्तन, कविता, संस्कृत यांची त्यांना मनापासून आवड. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झालं, पण मन घरात रमेना. सत्याच्या शोधात ते वारंवार घर सोडून जात.

१८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला. टिळकांनी ते वाचलं आणि येशूच्या शिकवणीने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. नातलग तुटले, जातीचा आधार गेला, पत्नी आणि मुलगा काही वर्षे दुरावले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

मग टिळकांनी सगळ्या सुखांकडे पाठ फिरवली का? मुळीच नाही! इथेच हा पाठ मुलांना नीट समजावून सांगायला हवा. त्यांनी फुलांवर, मुलांवर कविता लिहिल्या. भजन-कीर्तन सोडलं नाही, उलट मराठी चर्चमध्ये अभंगांच्या वळणाची भजनं आणली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. म्हणजे आनंद तोच राहिला, पण तो एकट्याचा उरला नाही. बदलली ती पैशाकडे आणि मानाकडे पाहण्याची नजर. हातात पैसा आला की तो गरजूंकडे जायचा. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं, भगवी वस्त्रं घेतली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

या त्यागाची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. टिळक देऊन मोकळे व्हायचे, पण चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. ही ओढाताण त्यांनी 'स्मृतिचित्रे'त हसत-हसत पण स्पष्ट मांडली आहे. घरातल्या एकाने सुख सोडलं की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, हेही खरंच. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचं कामही लक्ष्मीबाईंनीच केलं.

आपल्या उरण तालुक्यात बंदर आलं, जमिनींचे मोबदले आले. हळदीच्या मांडवापासून दारातल्या गाडीपर्यंत चाललेली खर्चाची चढाओढ मुलं रोज बघतात. त्यांना नुसतं 'साधे राहा' म्हणून पटत नाही. आपला धर्म कोणताही असो, टिळकांचं चरित्र सांगून झाल्यावर वर्गात एक कृती जरूर घ्या. वहीच्या पानावर मुलांना दोन रकाने आखायला सांगा. एकात दुसऱ्याला दाखवल्यावरच ज्या गोष्टींचा आनंद होतो त्या लिहायच्या, दुसऱ्यात वाटून घेतल्यावर ज्यांचा आनंद वाढतो त्या. पालकांनीही हे पान घरी मुलांसोबत भरावं. कोणता रकाना आधी भरतो, ते सगळ्यांनी मिळून पाहावं.