ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

बारामती-इंदापूरकडील गावांत यात्रेच्या दिवसांत कुस्त्यांचा फड भरतो, तो तुम्ही पाहिला असेल. हलगी कडाडू लागते, पहिलवान मातीत उतरतात आणि पंच जोड लावतात. एखादा कसलेला मल्ल पाय घसरून चीत झाला, तर लोक त्याच्या दैवाला बोल लावतात. पण तो घसरण्याचा क्षण दुसऱ्याने अचूक साधला, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जय दैवाने मिळतो की कसबाने, हा प्रश्न खाशाबा जाधव यांच्या चरित्रात पदोपदी उभा राहतो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे नामांकित पहिलवान. त्यांच्याच देखरेखीखाली खाशाबांनी बालपणी लंगोट कसला. कराडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शरीर ठेंगणे, परंतु चपळाई विलक्षण! ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. तेथे माती नव्हती, गादी होती. मातीवरील निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते; गादीवर वेळ ठरलेली असते आणि गुणांवरही निकाल लागतो. शिवाय यात्रेत जोड पाहून कुस्ती लावतात, तर अशा स्पर्धेत कोणाची गाठ कोणाशी पडावी, हे चिठ्ठी ठरविते. हे सारे नवे असूनही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला. तो दैवयोग खचित नव्हता. मात्र त्यावर समाधान मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड व्हावयाची होती. त्या वेळी एका लढतीत ते अवघ्या एका गुणाने मागे पडले. त्यांनी दाद मागितली, पुन्हा लढत झाली, आणि या खेपेस त्यांनी गुण मोजण्याची वेळच येऊ दिली नाही. प्रतिस्पर्ध्यास सरळ चीत केले, अशी हकीकत सांगतात. पण प्रवासखर्चाचे काय? गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. असे गुरू लाभणे, यास मात्र भाग्यच म्हटले पाहिजे.

हेलसिंकीत ते ५७ किलो वजनगटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी एकामागून एक हरविले. उरले दोघे, जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मम्मदबेयोव. या दोन लढतींच्या मध्ये त्यांना पुरता विसावा मिळाला नाही. नियमाने तो मिळावयास हवा होता. पण तसा आग्रह धरण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. दोन्ही लढती खाशाबा हरले. इशीला सुवर्णपदक, मम्मदबेयोवला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. विश्रांती मिळती, तर पदकाचा रंग बदलला असता काय? कोणी सांगावे! एवढे खरे, की आधीच्या तीन कुस्त्या जिंकल्या नसत्या, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. त्याच सामन्यांत आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक पटकाविले होते. परंतु स्वतंत्र भारताला एका खेळाडूने मिळवून दिलेले हे पहिलेच पदक होय. तसे दुसरे पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबा परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पाऊण तासही न लागणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. सत्कार आटोपताच खाशाबा कामाला लागले. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि आलेल्या पैशांतून प्रथम खर्डीकरांचे घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढच्या ऑलिंपिकची तयारी चालू असतानाच गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि ती संधी हुकली. खात्यात सत्तावीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तोही मृत्यूनंतर, २००१ साली. गोळेश्वर येथील त्यांच्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’ असे आहे.