सम्राट ऑगस्टस आणि त्याचे वारस

इ. स. १८९१ मध्ये बंगळूरच्या यशवंतपूर भागात लोहमार्गाचे काम चालू असता चांदीची १६३ रोमन नाणी सापडली. त्यांत सर्वांत जुनी सम्राट ऑगस्टसची.

त्याचा जन्म इ. स. पूर्व ६३ मध्ये रोम येथे झाला. ज्यूलियस सीझर हा त्याच्या आईचा मामा. इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझरचा खून झाला आणि मृत्युपत्रावरून कळले, की त्याने या अठरा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आहे. तेरा वर्षांनी ॲक्टियमच्या सागरी युद्धात अँटनी व क्लिओपात्रा यांचा पराभव करून तो रोमचा एकमेव सत्ताधीश झाला. इ. स. पूर्व २७ मध्ये त्यास ऑगस्टस ही पदवी मिळाली.

दत्तकविधानाने मिळालेली सत्ता पुढे चालविण्यासही दत्तकच घ्यावा लागला. ज्यूलिया ही त्याची एकुलती एक कन्या. तिचे पुत्र गायस व ल्यूसियस यांना त्याने इ. स. पूर्व १७ मध्ये दत्तक घेतले. पुढे लुग्दुनुम, म्हणजे आजचे लियाँ, येथील टांकसाळीतून त्यांचे नाणे निघाले. या देनारियस नाण्याच्या नावावरूनच संस्कृतात दीनार शब्द आला. एका बाजूस पर्णमुकुट धारण केलेला ऑगस्टस; दुसऱ्या बाजूस दोघे नातू, मध्ये ढाली व भाले, वर पुरोहितांची उपकरणे. लेखात ऑगस्टसला राष्ट्रपिता म्हटले आहे. ही पदवी त्यास इ. स. पूर्व २ मध्ये मिळाली, आणि त्याच वर्षी व्यभिचाराच्या आरोपावरून त्याने ज्यूलियाला एका लहानशा बेटावर हद्दपार केले. नाण्यावर मुले आहेत, त्यांची आई नाही.

ल्यूसियस इ. स. २ मध्ये वारला, गायस इ. स. ४ मध्ये. उरला सावत्र मुलगा टायबेरियस. ज्यूलियाशी लग्न लावण्यासाठी ऑगस्टसने त्यास पूर्वी आवडत्या पत्नीचा त्याग करावयास लावले होते. आता त्यालाच दत्तक घेणे भाग पडले. इ. स. १४ मध्ये नोला येथे ऑगस्टस मरण पावला. टायबेरियसच्या नाण्यावर एक आसनस्थ स्त्री दिसते. ती त्याची माता लिव्हिया असल्याचे मानले जाते.

नातवांची नाणी मात्र व्यापाराबरोबर दक्षिण भारतात येत राहिली. येथील कारागिरांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. त्यांतील लॅटिन अक्षरांची नुसती रेघोटी झाली आहे; दोन मुलगे अजून ओळखू येतात.